संगणक अभियंत्यांच्या हाती केबलही येऊ द्या

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

बारावीचा निकाल लागून अभियांत्रिकीच्या प्रवेशफेऱ्या सुरू झाल्या की गोव्यातल्या घराघरांत एकाच शाखेची चर्चा असते. संगणक मिळाले तर उत्तम, नाहीतर माहिती तंत्रज्ञान, आणि अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेचे नाव जोडलेली एखादी शाखा. महाविद्यालयात चौकशीला गेलेले पालक पहिला प्रश्न विचारतात तो प्लेसमेंटचा: कोणत्या कंपन्या आल्या, पॅकेज किती मिळाले. आधी प्रयोगशाळा दाखवा, असे म्हणणारा पालक मला क्वचितच भेटला आहे. दूरसंचार क्षेत्रात उभी नोकरी करून निवृत्त झालेला आणि आजही ओळखीच्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासात लक्ष घालणारा माणूस या नात्याने मला प्रयोगशाळेतल्या प्रत्यक्ष कामाच्या या एकाच बाबीविषयी लिहायचे आहे.

संगणक अभियांत्रिकीच्या शिक्षणात प्रोग्रामिंगला जेवढा वेळ आणि मान मिळतो, त्याच्या मानाने संगणकांना एकमेकांशी जोडणारे जाळे, म्हणजे ज्याच्यावर आपले बँकेचे व्यवहार, रेशन आणि निकालसुद्धा चालतात ते इंटरनेट, एका सत्राचा पेपर होऊन राहिले आहे. विद्यार्थी जाळ्याचे काम थरांत मांडणाऱ्या ओएसआय मॉडेलचे सात स्तर क्रमाने सांगतो, टीसीपी या माहिती पोहोचवण्याच्या नियमसंचातला जोडणीचा थ्री-वे हँडशेक आकृतीसह लिहितो, सबनेटची, म्हणजे जाळ्याच्या छोट्या विभागांची, गणिते अचूक सोडवतो आणि चांगल्या गुणांनी उत्तीर्णही होतो. पण चालू स्थितीतला राउटर, म्हणजे माहितीला पुढची वाट दाखवणारे यंत्र, स्वतः कॉन्फिगर करण्याची वेळ त्याच्यावर बहुधा आलेलीच नसते. प्रात्यक्षिक सिम्युलेटरवर, म्हणजे पडद्यावरच्या आभासी जाळ्यावर उरकते, आउटपुटची छापील प्रत जर्नलमध्ये लागते, सही होते आणि व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, ठरलेलेच प्रश्न येतात. सिम्युलेटरला मी नावे ठेवत नाही. पॅकेट ट्रेसरसारखे साधन सुरुवातीला फार उपयोगी पडते, मात्र त्यात केबल कधी सैल बसत नाही, ऐन कामात वीज जात नाही आणि आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेने कनेक्टर हिरवे पडत नाहीत.

आमच्या वाड्यावरच्या वाचनालयातील संगणकाचे इंटरनेट रडतखडत चालत होते, तेव्हा तिसऱ्या वर्षात शिकणारी शेजारची एक हुशार मुलगी माझ्याबरोबर आली. केबलचे टोक कापून नवा कनेक्टर बसवायचा होता. पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी हा आठ तारांचा क्रम तिने हाताने लावला आणि मग मला विचारले, की तारांच्या जोड्यांना एवढा पीळ का दिलेला असतो? पीळ असल्यामुळे बाहेरचा विद्युत गोंगाट जोडीतल्या दोन्ही तारांवर सारखाच उमटतो आणि पलीकडे दोन्हींतला फरक घेतला की तो नाहीसा होतो. ही युक्ती टेलिफोनच्या काळातली. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलने १८८१ मध्येच तिचे पेटंट घेतले होते. कारण कळताच तिने कापून टाकलेले जुने टोक पुन्हा उचलून पाहिले. आधीच्या कारागिराने तिथला पीळ दोन-तीन इंच उलगडून ठेवला होता, जो अर्ध्या इंचापलीकडे उलगडू नये असा दंडक आहे. दोष कुठे होता हे तिचे तिनेच शोधले.

नंतर आम्ही पिंग करून, म्हणजे छोटा संदेश पाठवून त्याच्या उत्तराची वाट पाहत, वेगवेगळ्या ठिकाणच्या सर्व्हरपर्यंत जाऊन येण्याचा वेळ मोजला. काचेचा अपवर्तनांक, म्हणजे निर्वातापेक्षा काचेत प्रकाश किती पट हळू जातो तो आकडा, साधारण १.५ असतो, हे बारावीच्या भौतिकशास्त्रात शिकवतात. म्हणून ऑप्टिकल फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. अमेरिकेचा पूर्व किनारा सरळ रेषेत धरला तरी येथून साडेबारा-तेरा हजार किलोमीटर आहे. जाऊन-येऊन २५ हजार धरा, म्हणजे निव्वळ प्रवासालाच १२५ मिलिसेकंद लागतात. प्रत्यक्षात समुद्राखालच्या केबल वळणे घेत जातात, वाटेत राउटर लागतात, त्यामुळे आकडा त्याहून बराच मोठा येतो. कनेक्शन कितीही महागाचे घेतले तरी फायबरच्या वाटेने तो १२५ च्या खाली येणार नाही. बारावीचे भौतिकशास्त्र आणि तिसऱ्या वर्षाचा नेटवर्कचा पेपर यांची गाठ त्या मुलीला त्या दुपारी प्रथमच पडली. दोन्हींत तिला उत्तम गुण होते, हे मुद्दाम नमूद करतो.

हे कारागिराचे काम आहे, अभियंत्याने ते कशाला करायचे, असे काही प्राध्यापक म्हणतात. मला हे मान्य नाही. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, व्हॉट्सअॅप आणि इन्स्टाग्राम जगभर सुमारे सहा तास बंद पडले होते. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका चुकीच्या आज्ञेने कंपनीच्या डेटा सेंटरना जोडणारे अंतर्गत जाळे तुटले आणि त्यापाठोपाठ तिच्या डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या) सर्व्हरकडे जाण्याचे मार्ग बीजीपीतून, म्हणजे जाळ्यांनी एकमेकांना वाटा कळवण्याच्या व्यवस्थेतून, आपोआप मागे घेतले गेले. अॅपचा कोड जागच्या जागी शाबूत होता, पण त्याच्यापर्यंत पोहोचण्याची वाट उरली नव्हती. दुरुस्तीला अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये जावे लागले. डीएनएस आणि बीजीपी ही प्रकरणे ज्याने केवळ परीक्षेपुरती वाचली आहेत, त्याला अशा वेळी सुरुवात कुठून करावी हेच उमगणार नाही.

विद्यार्थ्यांना एवढे कसे झेपेल, या शंकेला इंटरनेटच्या इतिहासातच उत्तर आहे. इंटरनेटचे तांत्रिक नियम ज्या आरएफसी नावाच्या दस्तऐवजांत लिहिले जातात, त्यांतला पहिला ७ एप्रिल १९६९ रोजी स्टीव्ह क्रॉकर याने लिहिला, आणि तेव्हा तो लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकणारा पदव्युत्तर विद्यार्थी होता. हे सर्व दस्तऐवज आजही कोणालाही फुकट वाचता येतात. जाळ्यावरची ये-जा दाखवणारे वायरशार्क, संगणकावर आभासी जाळे उभारणारे मिनीनेट, लिनक्स ही कार्यप्रणाली, ही साधनेही मोफत आहेत. वायरशार्क लावून आपल्याच मोबाइलच्या डीएनएस चौकश्या जाताना पाहिल्या, की पुस्तकातला तो धडा विद्यार्थी पुन्हा विसरत नाही.

गोव्यासारख्या लहान राज्यात तर हे सहज जमावे. फर्मागुढीचे गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय १९६७ पासूनचे. त्याच आवारात २०१६ पासून आयआयटीचे वर्ग भरू लागले. एनआयटी आता कुंकळ्ळीला आहे, बिट्स झुआरीनगरला, आणि खाजगी महाविद्यालये वेर्णा, फातोर्डा, आसगाव येथे आहेत. यांतल्या कोणत्याही दोन संस्थांमध्ये फार तर दोन तासांचे अंतर आहे. मोठ्या संस्थांनी आपल्या नेटवर्क प्रयोगशाळा शनिवारी इतर महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना खुल्या केल्या, तर फार मोठा खर्च न होता शेकडो मुलांची सोय होईल.

आणि गरज दाराशीच आहे. २०२० च्या टाळेबंदीत सत्तरी, सांगे, काणकोणच्या मुलांना ऑनलाइन वर्गासाठी रेंज शोधत डोंगर चढावा लागला, हे आपण सर्वांनी पाहिले. वेर्ण्याचे औषध कारखाने, मुरगाव बंदर, दाबोळी व मोपाचे विमानतळ, रुग्णालये, शेकडो हॉटेले यांना रात्रंदिवस जाळे सांभाळणारी माणसे लागतात. शिक्षण संपताच पुण्याची किंवा बंगळुरूची वाट धरावी लागू नये, असे ज्यांना मनापासून वाटते त्यांनी या कामांकडे पाहावे.

भाषेचाही एक मुद्दा यात आहे. आपल्याकडे अनेक मुले चौथीपर्यंत मराठीत किंवा कोंकणीत शिकतात आणि पाचवीपासून इंग्रजीत जातात. त्यांतली कितीतरी मुले व्हायवात अडखळतात ती विषयाने नव्हे, तर वाक्यरचनेने. २०२१ मध्ये देशातल्या १४ अभियांत्रिकी महाविद्यालयांनी मराठीसह पाच भारतीय भाषांत शिक्षण देण्यास पुढाकार घेतला. गोव्यात लगेच तसे वर्ग निघावेत, असा माझा आग्रह नाही. परंतु प्रयोगशाळेत शिक्षकाने आपल्या भाषेत समजावून द्यावे आणि विद्यार्थ्याने आपल्या भाषेत शंका विचारावी, याला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

सरकारी कार्यालये, बँका आणि हॉटेले दर काही वर्षांनी जुने स्विच व राउटर बदलतात आणि चालू स्थितीतली यंत्रेही भंगारात जातात. त्यांतली माहिती व पासवर्ड पुसून ती महाविद्यालयांना द्यावीत, असा आदेश माहिती तंत्रज्ञान खात्याने काढावा. प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या नेटवर्कचा एक छोटा, वेगळा काढलेला भाग विद्यार्थ्यांच्या ताब्यात द्यावा, तो त्यांनी चालवावा, बिघडवावा आणि दुरुस्त करावा. शेवटच्या वर्षाचे प्रकल्प हल्ली पैसे मोजून तयार मिळतात, हे उघड गुपित आहे. त्याऐवजी गावातल्या वाचनालयाचे किंवा प्राथमिक शाळेचे जाळे उभारून वर्षभर सांभाळणे हाच प्रकल्प धरावा आणि गुण वर्षअखेरीस, जाळे चालू आहे की नाही हे पाहून द्यावेत. असे जाळे दुसऱ्या कोणाकडून विकत आणून व्हायवाच्या दिवसापुरते दाखवता येत नाही.

फोंडा तालुक्यातील एखाद्या महाविद्यालयाने यंदा अशी प्रयोगशाळा उभारायची ठरवली, तर केबल टाकण्यापासून फायबरची जोडणी शिकवण्यापर्यंत दर शनिवारची दुपार मी विनामूल्य देईन. माझ्याबरोबर काम केलेले आणखी काही निवृत्त सहकारीही तयार आहेत. माझा पत्ता आपल्या कार्यालयाकडे आहे. इच्छुक संस्थांना तो जरूर द्यावा.

आपला नम्र,
एक निवृत्त दूरसंचार अभियंता,
फोंडा, गोवा