‘वय झालं’ म्हणण्याआधी रक्त तपासा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीतला वृद्धांच्या विस्मरणावरचा लेख वाचला. मनापासून लिहिलेला आहे. पण एक गोष्ट त्यात राहून गेली: असा गोंधळ कधी कधी रक्तातल्या बिघाडानं किंवा एखाद्या गोळीनंही होतो. तीच आम्हाला ठाऊक नव्हती आणि आमचे अठरा दिवस वाया गेले, म्हणून हे पत्र.

माझे यजमान ७४ वर्षांचे. सगळी नोकरी हिशेब तपासण्यात गेली. चार आकडी बेरजा आजही तोंडी करतात. गेल्या वर्षी एका सकाळी ते शर्ट उलटा घालून बाहेर आले. दुपारी मला त्यांच्या बहिणीच्या नावानं हाक मारली. तिसऱ्या दिवशी बँकेचा अर्ज भरायला बसले, तर सही कुठे करायची तेच उमगेना. केली ती रेघ सोडून खाली घसरत गेली. दिवसा झापड, आणि रात्री उठून ‘दाराशी कोण उभं आहे?’ असं विचारायचे. भेटायला येणारा प्रत्येक जण ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून माझी समजूत घालत होता. ज्या डॉक्टरांना दाखवलं त्यांनी विस्मरणाची गोळी लिहून दिली. रक्त तपासायला सांगितलं नाही.

अठराव्या दिवशी ते न्हाणीघरात पडले म्हणून रुग्णालयात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ‘गेल्या महिनाभरात कोणती गोळी नवीन सुरू झाली?’ हा प्रश्न तोपर्यंत कुणीच विचारला नव्हता. रक्तदाबाची गोळी बदलली होती. नवी गोळी लघवी जास्त करवणारी होती, आणि तशा गोळीनं रक्तातलं सोडियम उतरू शकतं. तासाभरात अहवाल आला. सोडियम ११६. असायला हवं १३५ ते १४५.

रक्तातलं सोडियम उतरलं की पाणी पेशींमध्ये शिरतं आणि पेशी फुगतात. हातापायाच्या स्नायूंना फुगायला जागा असते, मेंदू मात्र कवटीत बंद. म्हणून पहिला गोंधळ तिथे उडतो. सोडियम आणखी उतरलं तर आकडी येते, शुद्ध जाते. ह्यांच्या मेंदूला रोग झालेलाच नव्हता.

मी म्हटलं, मग आजच्या आज भरून काढा. त्यांनी शांतपणे बसवून सांगितलं, की मेंदूनं एवढ्या दिवसांत त्या कमी सोडियमशी जुळवून घेतलेलं असतं. ते एकदम वाढवलं तर मेंदूच्या देठातल्या तंतूंवरचं आवरण झडतं, आणि माणूस कायमचा अधू होऊ शकतो. म्हणून २४ तासांत ८ ते १० पेक्षा जास्त चढू द्यायचं नाही. ती गोळी बंद झाली, दर काही तासांनी रक्त घेतलं जाई आणि मी आकडे वहीत टिपत होते. चौथ्या दिवशी सकाळी ह्यांनी चष्मा मागितला आणि वही ओढून घेऊन माझी एक बेरीज दुरुस्त केली.

नंतर म्हणाले, ‘तुम्ही सगळे माझ्यासमोर माझ्याबद्दल बोलत होता, ते मला ऐकू येत होतं.’ हे वाक्य मी विसरू शकत नाही.

माझ्या धाकट्या बहिणीचं असंच झालं, फक्त उलट टोकाकडून. तिची तक्रार पायांची: तळव्यांना मुंग्या, कापसावर चालल्यासारखं वाटणं, आणि तोंडावर पाणी मारताना डोळे मिटले की तोल जाणं. दीड वर्ष कंबरेचे उपचार चालले. मधुमेहासाठी ती बारा वर्षं मेटफॉर्मिन घेत होती. त्या गोळीनं शरीरात बी-१२ हे जीवनसत्त्व शोषलं जाणं कमी होऊ शकतं, आणि बी-१२ नसेल तर पाय कुठे आहेत ही खबर मेंदूला नेणाऱ्या मज्जारज्जूतल्या वाटा खराब होतात. डोळे उघडे असले की नजर सांभाळून घेते. मिटले की उघडं पडतं. इंजेक्शनांनी ती पुष्कळ सुधारली, पण बोटांचा बधिरपणा राहिला. दीड वर्ष उशीर झाला होता.

मी शिक्षिका होते, म्हणून आणखी एक सांगते. यकृताचा आजार असलेल्या आमच्या एका सहकाऱ्यांचं फळ्यावरचं अक्षर बिघडत गेलं. आजारी यकृत अमोनियासारखी द्रव्यं साफ करू शकत नाही आणि ती मेंदूपर्यंत पोचतात. नुसती बद्धकोष्ठतासुद्धा त्याला निमित्त पुरते. आम्ही मात्र त्यांचं लक्ष उडालंय, असं समजत राहिलो.

थायरॉइडचं तर जुनंच आहे. रिचर्ड अ‍ॅशर या ब्रिटिश डॉक्टरांनी १९४९ साली अशा १४ रुग्णांबद्दल लिहिलं, ज्यांना वेड लागल्यासारखं झालं होतं आणि मूळ दुखणं होतं थायरॉइडच्या कमतरतेचं. मूत्रमार्गाचा संसर्ग, मूत्रपिंडं थकणं, रक्तातली साखर उतरणं, यांनीही माणूस भ्रमिष्टासारखा वागतो. साखर फार उतरली तर पक्षाघात झाल्यासारखी एक बाजूही लुळी पडते. पूर्वी तापात माणूस बरळू लागला की घरातली जुनी माणसं ‘वात झाला’ म्हणत आणि तापाकडे बघत. आपण बघायचंच सोडलं आहे.

विस्मरणाचा खरा आजार असतो, आणि तो सांभाळणाऱ्या घरांचे हाल मी जवळून पाहिलेत. पण तो महिन्या-वर्षांनी हळूहळू येतो. चार दिवसांत आलेला, सकाळी बरा आणि रात्री वाईट होणारा गोंधळ वेगळा असतो. तिथे त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. आधीच विस्मरण असलेल्या माणसालाही तो वरून होऊ शकतो, हे तर फारच कमी जणांना ठाऊक असतं.

पुढच्या पुरवणीत एवढी एक चौकट छापा: गोंधळ कधी सुरू झाला त्याची तारीख, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या आणि त्या कधीपासून, हे कागदावर लिहून न्या; आणि सोडियम, साखर, थायरॉइड, बी-१२, यकृत, मूत्रपिंड व लघवी यांच्या तपासणीबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा.

त्या आठवड्यातला बँकेचा अर्ज आणि महिन्यानं पुन्हा भरलेला, दोन्ही मी जपून ठेवलेत. दोन्हींवर ह्यांची सही आहे. चौकटीबरोबर छापायच्या असतील तर त्या सह्यांची प्रत पाठवते. ह्यांनी परवानगी दिली आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका