कापड उरलं होतं

इचलकरंजी,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

प्रिय दिन्या,

दिवाळीचं कार्ड पोचल्याचा तुझा फोन आला आणि पहिलं वाक्य काय, तर "अरे, ही चिंधी कसली पाठवलीस? आणि खाली २८ लिहिलंय ती काय किंमत?" पुढं तू बरंच काही विचारलंस, पण तुझ्याकडं स्टेशनची घोषणा, माझ्याकडं शेजारच्या मागांचा खडखडाट, आणि दोघांचेही कान आता जेमतेम. म्हणून लिहायला बसलोय. शिवाय एक गोष्ट फोनवर सांगण्यासारखी नाही. ती शेवटी येईल. आधी शेवटचं पान उलटून बघू नकोस, तुझी ती खोड शाळेपासूनची आहे.

शिलाईच्या दुकानाचं शटर ओढलं त्याला नऊ वर्षं झाली. दोन मशिनी विकल्या, माझी स्वतःची घरी आणली. कात्री, टेप, लाकडी फूटपट्टी आणली. आणि आणली बिलबुकं. १९७९ ते २०१६, सदतीस वर्षांची. तुला आठवत असेल, गिऱ्हाइकानं कापड दिलं की नाव, मापं, द्यायची तारीख लिहायची आणि कापडाच्या कोपऱ्यातून बोटभर तुकडा कापून आपल्याकडच्या पानाला टाचणीनं लावायचा. लग्नसराईत एका वेळी दहा पांढरे शर्ट पडायचे. कुणाचं कुठलं, हे त्या तुकड्यावरूनच कळायचं.

ही सगळी पोती माळ्यावर होती. गेल्या पावसाळ्यात माळा गळायला लागला तेव्हा बायको म्हणाली, "द्या आता रद्दीत." रद्दीवाला आला, पोत्यात हात घातला आणि "आई गं" करून बाहेर काढला. बोटाला टाचणी. म्हणाला, "काका, कापड आणि टाचण्या काढून द्या, मग बोलू." तर हे असं सुरू झालं बघ. कुठली कला नाही की हौस नाही. रद्दीचा भाव मिळावा म्हणून बसलो होतो.

पहिल्या दिवशी एक पुस्तक झालं, कारण हात कमी आणि डोळेच जास्त चालत होते. एकेक पान म्हणजे एकेक माणूस. १९८३ चं एक पान माझ्यासमोर आत्ता आहे. निळं पॉपलीन, दीड इंचाचा तुकडा, दोन कडांना कात्री लागलेली, दोन कडांना हातानं फाडलेलं. टाचणी होती तिथं गंजाचे दोन तपकिरी ठिपके. वरची बाजू पिवळट पडलीय, पण दुमडलेला कोपरा उलगडला की आतला निळा रंग कालच ठाणातून कापल्यासारखा. टेरिकॉटचे तुकडे मात्र जसेच्या तसे. कापड म्हणून मला ते कधी आवडलं नाही, उन्हाळ्यात अंगाला चिकटायचं, पण टिकलं तेच.

नात पाचवीत आहे. शाळेत भेटकार्ड करून न्यायचं होतं. तिनं माझ्या ढिगातले चौकडीचे चार तुकडे उचलले, फेव्हिकॉल थापला आणि कागदावर चिकटवले. वाळल्यावर बघतो तर पातळ कापडातून गोंद वर आलेला, काळपट डाग, आणि कागद पापडासारखा वाकलेला. ती रडायला लागली. मला लाज वाटली. सदतीस वर्षं कॉलरी केल्या आणि वीतभर कापड कागदावर सरळ बसवता येईना?

मग डोक्यात आलं, ही तर कॉलरच आहे. कॉलरला आपण गोंद लावत नाही, फ्युजिंगचं बकरम लावतो, म्हणजे इस्त्रीच्या उष्णतेनं चिकटणारं कडक अस्तर. तीच युक्ती. तुझी नातवंडं हट्ट करतील म्हणून नीट सांगतो.

आधी कापड ओळखायचं. एक सूत ओढून त्याला काडी लाव. कागद जळल्याचा वास आणि हलकी राख, तर सुती. आक्रसून कडक मणी झाला, तर टेरिलीन. थोडं हे, थोडं ते, तर टेरिकॉट. हे अशासाठी की सुतीला इस्त्री गरम चालते, दुसऱ्याला तशीच लावलीस तर तुकडा आखडतो आणि तळाला चिकटतो. मग बकरमची ठिपक्याठिपक्यांची बाजू कापडाच्या उलट्या बाजूला ठेवायची, वर ओलसर फडकं, आणि इस्त्री ठेवायची. फिरवायची नाही! ठेवायची, दहा आकडे मोजायचे, उचलायची, पुढं ठेवायची. फिरवलीस की कापड सरकतं आणि फोड येतात. ढिल्या कारागिराची कॉलर चार धुण्यांत फुगायची, त्याचं मूळ बहुतेक वेळा ह्यातच. बकरम बसल्यावर मगच कापायचं. आधी कापलंस तर दशा निघत राहतील आणि पतंगाचा चौकोन होता होता चिंधी उरेल.

कागदावर मी मशिननं टीप मारतो. त्याला टाका मोठा ठेवायचा, इंचाला सात-आठ. शर्टासारखी बारीक टीप मारलीस तर पोस्टाच्या तिकिटांच्या कडेसारखी भोकं पडतात आणि कागद तिथंच फाटतो. शेवटी टीप उलटी घ्यायची नाही, धागे मागं ओढून हातानं गाठ मारायची. सुई जुनी वापर आणि ती वेगळी ठेव. कागद शिवलेली सुई बोथट होते, परत कापडाला लावलीस तर सुतं ओढते. वहिनींच्या मशिनची सुई न विचारता घेऊ नकोस, पुढची जबाबदारी माझी नाही.

कागद अडीचशे जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला अडीचशे ग्रॅम भरणारा घेतो, शाळेच्या वहीच्या पानापेक्षा थोडा लहान, ए-फाइव्ह मापाचा, मधोमध दुमडलेला. तो आठ ग्रॅम भरतो. कापड, बकरम, पाकीट धरून पंधराच्या आत बसतं, म्हणजे २० ग्रॅमपर्यंतच्या ५ रुपयांच्या तिकिटात काम होतं. सुरुवातीला हौसेनं कोटाची बटणं लावली होती. वजन वर गेलं ते गेलंच, पण एका कार्डावर शिक्का असा बसला की बटणाचे दोन तुकडे आणि पाकिटाला खिडकी. तेव्हापासून बटण बंद. फक्त काज करतो, हातानं, काजटाक्यानं. तुझ्या कार्डावर उजवीकडं ती बारीक फट आहे ना, तू फोनवर "फाटलंय" म्हणालास ती, ते काज आहे गाढवा.

आपल्या गावात चिंधीला तोटा नाहीच. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथं पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून गावाच्या नाकातोंडात सूत आहे. आता धोट्याविना चालणाऱ्या शटललेस मागांवर कापडाच्या कडेला झालरीसारखी दशांची पट्टी सुटते, ती किलोनं विकतात. नात तिचं गवत करते, आकाशकंदिलाच्या शेपट्या करते. तिच्यात आणि माझ्यात ह्यावरून रोज वाद. तिला तुकडे कापून पणत्या, पतंग, घरं करायची असतात. माझं म्हणणं, बिलबुकातल्या तुकड्याला कात्री लावायची नाही. गंजाचे ठिपके दिसले पाहिजेत, हातानं फाडलेली कड दिसली पाहिजे, आणि खाली पानावरचं माप. पणती काय, कुठल्याही कापडाची होते. शेवटी तह झाला: पोत्यातली मोठी कातरणं तिची, टाचणीचे तुकडे माझे. तिची कार्डं दिसायला सुरेख होतात, हे मान्य. माझी बघितली की तुझ्यासारखे लोक विचारतात, ही चिंधी कसली.

ह्या दिवाळीला एकेचाळीस कार्डं गेली. ज्याचा तुकडा त्यालाच. पत्ते शोधण्यात महिना गेला. आपल्या गणिताच्या सरांना त्यांच्या करड्या पँटचा तुकडा पाठवला, खाली "लांबी ४०, कंबर ३४". त्यांचा फोन आला, वय वर्षं नव्वद, म्हणाले, "मोजून बघितलं. आता ३१ आहे. उत्तर चुकलं तुझं." तुझे २८ म्हणजे काय, ते आता कळलं असेल. १९८४ साली तुझी कंबर होती ती. बघ आरशात.

एका कार्डाला मात्र चार दिवस तिकीट लावलं नाही. मागच्या गल्लीतल्या जॉबरचं, म्हणजे मागांची दुरुस्ती बघणाऱ्याचं, पान होतं, १९९१, गणपतीच्या आधीचं. फिकट निळ्या रेघांचं शर्टिंग. तो माणूस जाऊन बरीच वर्षं झाली. बाईंना पाठवावं की नको? दिवाळीच्या दिवसात उगाच जखमेवरची खपली काढल्यासारखं. शेवटी टाकलं पेटीत. भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी त्या चिवड्याचा डबा घेऊन दारात. मी घाबरलो. त्या खुर्चीवर बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "ह्या शर्टाचं दुसरं बटण महिन्यातून एकदा तरी तुटायचं. दोऱ्यात कंजुषी करायचात तुम्ही." मी म्हटलं, "चुकलं." चौतीस वर्षांनी तक्रार आली, नोंदवून घेतली. मग उठता उठता त्यांनी सहज विचारलं, "त्यातलं कापड उरलं होतं का हो?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही हो, कॉलरला गेलं सगळं."

दिन्या, हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा म्हटलं असेल त्याची मोजदाद नाही. छत्तीस इंच पन्ह्याचं कापड असलं की पुऱ्या बाहीचा शर्ट अंगकाठी बघून सव्वादोन मीटरमध्ये बसतो. आम्ही अडीच सांगायचो. कुणी विचारलं तर कॉलर, पट्टी, खिसा, कापड आक्रसतं, अशी कारणं तयार. गिऱ्हाइकालाही माहीत असायचं, बोलायचं कुणी नाही. अपवाद एक, तालमीतला आपला पैलवान. छाती पन्नास. त्याच्या अडीच मीटरात मलाच जोड द्यावा लागायचा, तो मी काखेत लपवायचो. बाकी सगळ्यांचं वीतभर, हातभर माझ्याकडं राहायचं. त्यातून पोरांचे कपडे झाले, उशांचे अभ्रे झाले, आणि उरलेल्याच्या बायकोनं वाकळा शिवल्या.

त्या बाई गेल्या आणि बायको आतून आली. काही बोलली नाही. कपाटावरची वाकळ काढली, उलगडली आणि एका ठिगळावर बोट ठेवलं. निळ्या रेघा. "उसवू का?" एवढंच विचारलं. धावदोरा जुना झालेला, नखानं निघाला. टीचभर कापड निघालं, मऊ पडलेलं, पण रेघा शाबूत. धुऊन, इस्त्री करून मीच नेऊन दिलं. "वाकळेत सापडलं" म्हणालो. त्यांनी मागं-पुढं करून बघितलं आणि म्हणाल्या, "चांगलं सांभाळलंय की तुमच्या मंडळींनी." मला श्रेय नाही, हे तू लिहून ठेव.

तर आता तुझ्याकडं येतो. १९८४ चा मे. तुझं लग्न. कॉफी रंगाचं सुटिंग, अठ्ठावन्न इंची पन्हा. मी तुला सव्वातीन मीटर आणायला सांगितलं होतं, आठवतं? तुझ्या वडिलांनी सोसायटीचं कर्ज काढून आणलं होतं, तेही मला माहीत होतं. तुझी अंगकाठी ही अशी, छाती ३४, कंबर २८. सूट पावणेतीन मीटरमध्ये बसला. तू विचारलंस, "उरलं का रे काही?" मी म्हटलं, "कोटाच्या आतल्या पट्ट्यांना गेलं." आणि तू म्हणालास, "बरं झालं, वाया नाही गेलं." त्या वेळी मला काही वाटलं नाही, खरं सांगतो. शिलाई घेतली नव्हती ना तुझ्याकडून, त्याचा हिशेब मनातल्या मनात लावून टाकला.

तेच हे कापड. कार्डावरचा तुकडा बिलबुकातला आहे, पण पाकिटात मागं कागदात गुंडाळून आणखी एक आहे, तो तू उघडून बघितलेला दिसत नाहीस. कमरेची पट्टी आहे ती, लहानशी, आत नाडीचं नेफं. दोन वर्षांच्या पोराच्या चड्डीची. बायकोनं इतकी वर्षं ठेवली होती, बाकीची चड्डी कधीच फाटून गेली.

त्या दिवाळीला तू आणि वहिनी पहिल्यांदा आमच्याकडं फराळाला आलात. तू तोच सूट घालून, उकाड्यात कोटासकट. आमच्या सतीशला कडेवर घेतलंस आणि अंगणात तुळशीपाशी फोटो काढायला लावलास. आमची ही दारात उभी राहून तोंडाला पदर लावून हसत होती आणि तू म्हणालास, "वहिनी लाजतात." तो फोटो तुझ्या अल्बममध्ये आहे, रंगीत आहे. भिंग घे आणि तुझा कोट आणि पोराची चड्डी बघ.

तुझा,
बाळू