विजेत्यांची यादी १९३९ पासून छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलचा मोसम ऐन भरात आला, की आपल्या क्रीडा पानावर त्याची दखल घेतली जाते. मराठी वृत्तपत्रात या खेळाला एवढी जागा मिळते याचे मनापासून समाधान वाटते. मात्र यंदा लेखासोबत छापलेली पुरुष विजेत्यांची यादी १९०१ सालच्या येलपासून सुरू होते. त्याबद्दल हे पत्र.

१९०१ साली येल विद्यापीठाने राष्ट्रीय विजेतेपद जिंकले नाही. तेव्हा तशी स्पर्धाच नव्हती. एनसीएए या कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेची देशभरातील कॉलेजांसाठीची स्पर्धा १९३९ मध्ये सुरू झाली. तिच्यात आठ संघ होते आणि अंतिम सामन्यात ऑरेगनने ओहायो स्टेटला ४६-३३ असे हरवले. त्याआधीची नावे लॉस एंजेलिसच्या हेल्म्स फाउंडेशन या क्रीडासंस्थेने १९४० आणि १९५० च्या दशकांत, जुन्या नोंदी चाळून, मागाहून ठरवली. पुढे प्रेमो आणि पोरेटा या अभ्यासकांनी तेच मोसम पुन्हा तपासले, तेव्हा १९०१ साठी त्यांना बकनेल सरस वाटले. १९२२ चेही तसेच. हेल्म्सच्या मते कॅन्ससचा संघ पहिला, तर या दोघांच्या मते मिसुरीचा. प्रत्यक्षात त्या वर्षी हे दोन्ही संघ मिसुरी व्हॅली या आपल्या गटात बरोबरीत होते. मैदानात सुटला नाही तो निकाल कागदावर लावला गेला. कॅन्सस विद्यापीठाच्या ॲलन फील्डहाउस या बास्केटबॉल स्टेडियममध्ये १९२२ आणि १९२३ च्या विजेतेपदांचे झेंडे मानाने टांगलेले आहेत. त्या विद्यापीठाला तो हक्क असेल, पण आपल्या वाचकाला ते झेंडे कुठून आले हे कळायला हवे.

सुरुवातीचे मोसम खरोखर कसे होते, ते याच कॅन्ससच्या पहिल्या मोसमातून दिसते. या खेळाचे जनक जेम्स नेस्मिथ १८९८ मध्ये लॉरेन्सला, म्हणजे कॅन्सस विद्यापीठाच्या गावी, आले ते बास्केटबॉलचे प्रशिक्षक म्हणून नव्हे. शारीरिक शिक्षण आणि विद्यापीठातील प्रार्थनासभा ही कामे त्यांच्याकडे होती. डेन्व्हरला वैद्यकीची पदवी नुकतीच हाती पडली होती. ३ फेब्रुवारी १८९९ रोजी त्यांच्या मुलांनी पहिला सामना खेळला तो कॅन्सस सिटीच्या वायएमसीए (ख्रिस्ती तरुणांची संघटना) संघाशी, आणि तो ते १६-५ असा हरले. मोसमाअखेर सात विजय, चार पराभव. समोर कॉलेजांपेक्षा वायएमसीएच्या शाखा आणि शहरांतले हौशी संघच जास्त असत, कारण हा खेळ गावोगाव नेला होता वायएमसीएनेच. कॉलेजे मागून आली.

१६-५ हा गुणफलक आज वाचला की वाटते, मुलांना नेम धरता येत नव्हता. मुळात खेळच तसा होता. प्रत्येक गोल झाला की चेंडू पुन्हा मध्यभागी आणून दोघांमध्ये उंच फेकायचा, मग खेळ पुढे चालू. हा नियम १९३७ पर्यंत टिकला. उंच मध्यखेळाडू असलेला संघ गोल करून चेंडूही स्वतःकडेच ठेवू शकत असे. टोपलीला बूड असायचे, त्यामुळे गोल झाल्यावर चेंडू बाहेर काढण्यातही वेळ जाई. किती जणांनी खेळायचे हेसुद्धा सुरुवातीला पक्के नव्हते. १८९५ मध्ये मिनेसोटात कृषी विद्यालयाने हॅमलिन कॉलेजला ९-३ असे हरवले, तेव्हा प्रत्येक बाजूला नऊ खेळाडू होते. पुढच्या वर्षी जानेवारीत शिकागो विद्यापीठ आयोवा सिटीला जाऊन पाच-पाच जणांचा सामना १५-१२ असा जिंकले, पण आयोवाची मुले विद्यापीठात शिकणारी असली तरी वायएमसीएच्या नावाने उतरली होती. म्हणून १८९७ चा येल विरुद्ध पेन (पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठ) हाच दोन कॉलेजांमधला पाच-पाच जणांचा पहिला सामना, असे अनेक जण मानतात. ज्या काळात पहिला सामना कोणता यावरच एकमत नाही, त्या काळाच्या माथी राष्ट्रीय विजेता मारायचा कशाला?

नेस्मिथ यांची कॅन्ससमधील एकूण कामगिरी ५५ विजय आणि ६० पराभव. त्या विद्यापीठात जिंकण्यापेक्षा हरलेच जास्त असे प्रशिक्षक ते एकटेच. केवळ यादी वाचणाऱ्याला ते भेटतच नाहीत, आणि मला याचेच सर्वांत जास्त वाईट वाटते. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये बास्केटबॉलचा पहिल्यांदा अधिकृत समावेश झाला, तेव्हा ते तिथे हजर होते. त्याच बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने कबड्डीचे प्रात्यक्षिक दाखवले. आपण ते आजही प्रात्यक्षिक म्हणूनच सांगतो, स्पर्धा जिंकली असे म्हणत नाही, आणि तरीही ऊर भरून येतो. अमेरिकेच्या त्या पहिल्या मोसमांनाही हाच प्रामाणिक न्याय मिळावा.

तेव्हा विनंती अशी, की पुढच्या वर्षी विजेत्यांची यादी १९३९ पासून द्यावी. त्याआधीची नावे द्यायचीच असतील तर ती वेगळ्या चौकटीत, कोणी आणि कधी ठरवली हे लिहून द्यावीत. आणि जमल्यास १८९९ च्या त्या फेब्रुवारीवर एखादा स्वतंत्र लेख छापावा. शाळा-कॉलेजांत बास्केटबॉल खेळणारी आपल्याकडची मुले तो नक्की वाचतील.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, अमरावती