दगडांवरचा ओरेगॅनो

डेन्व्हर,
२० जुलै

ती. आई-बाबा,
सा. न.

रविवारी फोनवर तुम्हाला नीट दिसलं नाही, म्हणून लिहायला बसले. दगडांच्या वाफ्यातला ओरेगॅनो फुललाय! पिझ्झावर भुरभुरतात तो नव्हे, त्याचा शोभेचा भाऊबंद, ‘केंट ब्यूटी’. दगडावरून काड्या खाली लोंबतात आणि टोकाला हिरवट-गुलाबी पाकळ्यांचे झुबके. आई, अगदी तुझ्या कानातल्या झुमक्यांसारखे. खरं तर त्या पाकळ्या नाहीतच. आपल्या बोगनवेलीसारखी ती रंगीत पानं. खरं फूल इवलंसं, जांभळट, मधूनच डोकावतं.

बाबा, तुम्ही विचारलंत पहिलं रोप का गेलं. ऊन नाही, थंडीही नाही, पाण्यानं गेलं. इथल्या चिकणमातीत लावलं, वर खत घातलं, रोज पाणी दिलं. हिवाळ्यात बर्फ वितळला की पाणी मुळाशीच साचायचं. मार्चमध्ये उपटलं तर मुळं काळी, बोटांत लिबलिबीत. फार वाईट वाटलं हो. याचे पूर्वज तुर्कस्तान-ग्रीसकडच्या खडकाळ डोंगरांतले, आणि मी त्याला चिखलात ठेवलं होतं.

या वेळी दक्षिणेच्या भिंतीलगत फूटभर उंच उतार केला. निम्मी माती, निम्मी बारीक खडी, खत अजिबात नाही. वरूनही खडीच पसरली, म्हणजे बुंधा कोरडा राहतो. इथे वर्षाचा पाऊस ४० सेंमीच्या आतच, तो त्याला मानवतो. पहिला उन्हाळाभर आठवड्यातून एकदा पाणी दिलं, आता फारच कोरडं पडलं तरच देते. वाळक्या काड्या थंडीत तशाच ठेवते, वसंतात कोंब दिसले की छाटते.

बाबा, मी पाचवीत असताना तुम्ही कासच्या सड्यावर नेलं होतंत. कातळावरच्या चिमूटभर मातीत फुलं बघून मी विचारलं होतं, ही जगतात कशी? दगड रचताना तेच डोळ्यांपुढे होतं. तिथली पावसावर फुलतात, हा उन्हावर. ऊन जितकं कडक तितका गुलाबी चढतो.

आई, थोड्या काड्या उलट्या टांगून वाळवल्यात, सप्टेंबरात आलात की तुमच्या खोलीत ठेवेन. बाबा, वाफ्याशेजारी बुटकं बाकडं करून घेतलंय. गुडघ्याचा पट्टा तेवढा आठवणीनं आणा.

तुमची,
माई