रिपोर्टात ‘एस’ आला तरी ताप का उतरत नाही?

संपादक साहेब नमस्कार,

गेल्या रविवारी तुमच्या पेपरात बुरशीच्या इन्फेक्शनवर अर्धं पान आलं होतं ते वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय. २०२१ ला सेकंड वेव्हमधे म्युकर आला तेव्हापासून आपल्याकडे बुरशी म्हटलं की काळी बुरशीच, तुमच्या लेखातही तोच फोटो. पण मी परळच्या लॅबमधे ३० वर्षं मायक्रोबायोलॉजीच्या बेंचवर काढली, ब्लड कल्चरमधे (रक्तात जंतू वाढतात का बघायची टेस्ट) बुरशी वाढली की ती बहुतेक वेळा कॅन्डिडा असायची, जी आपल्या तोंडात-पोटात तशीही असतेच आणि एरवी कुणाला त्रास देत नाही.

ही कॅन्डिडा सुटी असते तेव्हा वेगळी आणि चिकटून बसली की वेगळी. पावसाळ्यात मोरीतल्या बादलीला आतून बुळबुळीत थर धरतो ना, नुसतं पाणी ओतून जात नाही, काथ्या घेऊन घासावंच लागतं, तसलाच थर ती शरीरात घातलेल्या वस्तूंवर धरते, सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी), लघवीची नळी, हृदयातली कृत्रिम झडप, अगदी तोंडातली कवळीसुद्धा. याला बायोफिल्म म्हणतात. आधी पेशी चिकटतात, मग त्यांना धागे फुटतात (जर्म ट्यूब टेस्टला सीरममधे ३७ डिग्रीला २-३ तास ठेवून आम्ही हेच बघायचो, कोंब दिसला की लिहायचं अल्बिकन्स, म्हणजे कॅन्डिडाची नेहमीची जात), मग सगळ्या मिळून स्वतःभोवती साखर-प्रोटीनचा चिकट लगदा सोडतात आणि एक-दोन दिवसात थर पक्का. फ्लुकोनाझोल हे बुरशीवरचं औषध दिलं तर त्यातलं बरंचसं लगद्यातच अडकतं, आत पोचलेलं पेशी पंप लावल्यासारखं बाहेर फेकतात, आणि काही पेशी तर अशा निपचित पडून राहतात की औषधाचा त्यांच्यावर परिणामच होत नाही. प्रयोगशाळेत मोजलेलं आहे, सुट्या पेशीला जेवढं औषध पुरतं त्याच्या हजारपटीपर्यंत या थराला लागू शकतं. माणसाला एवढा डोस कोण देणार?

माझे मोठे दीर दोन वर्षांपूर्वी आयसीयूत होते, हॉस्पिटलचं नाव नको. मानेत सेंट्रल लाइन, ताप चढतोय उतरतोय, कल्चरला कॅन्डिडा आली. सेन्सिटिव्हिटी रिपोर्टात फ्लुकोनाझोलसमोर ‘एस’ म्हणजे सेन्सिटिव्ह, जाऊबाई तो कागद घेऊन मला दाखवायला आल्या, बघ गं, औषध लागू आहे म्हणे. चार दिवस झाले, ताप तिथेच, मग औषध बदलायची, महागडी इंजेक्शनं आणायची चर्चा सुरू झाली. मी विचारलं अहो ती लाइन काढली का, तर उत्तर आलं शिरा मिळत नाहीयेत, राहू दे अजून. शिरा मिळत नव्हत्या हे खोटं नव्हतं, हात काळेनिळे झालेले मी बघितले होते. पण शेवटी काढली एकदाची आणि तिसऱ्या दिवशी ताप गेला. औषध चालूच होतं त्यामुळे सगळं श्रेय मी लाइन काढण्याला देणार नाही, पण रक्तात कॅन्डिडा सापडली आणि लाइनवर संशय असला तर ती लवकरात लवकर काढा हे काही माझ्या मनचं नाही, डॉक्टरांच्या गाइडलाइनमधेच आहे.

आणि तो ‘एस’? तो आम्ही लॅबवाले देतो, आणि ती टेस्ट सुट्या पेशींवर होते, नळीवरच्या थरावर नाही. नातेवाइकांना हे सांगायला हवं ना कुणीतरी! मी तरी कुठे सांगितलं म्हणा, ३० वर्षं रिपोर्ट टाइप केले, खिडकीतून दिले, पुढचा नंबर.

औषधं नाहीत असं नाही. कॅस्पोफंगिनच्या ग्रुपमधली आणि लायपोसोमल अॅम्फोटेरिसिन या थरावर त्यातल्या त्यात बरं काम करतात, पण दुसरं म्हणजे तेच जे म्युकरच्या वेळी लोक गावभर शोधत फिरत होते. त्यात आता कॅन्डिडा ऑरिस, २००९ ला जपानमधे एका बाईच्या कानात सापडली म्हणून ऑरिस, ती कातडीवर आणि बेडच्या रेलिंगवरसुद्धा बरेच दिवस तग धरते, बऱ्याचदा फ्लुकोनाझोलला दादही देत नाही. २०२२ मधे डब्ल्यूएचओने १९ धोकादायक बुरशींची यादी काढली, सगळ्यात वरच्या गटात ४, त्यात ऑरिस पण आहे आणि आपली घरगुती अल्बिकन्स पण.

म्हणून तुमच्या वाचकांपैकी कुणाचं माणूस आयसीयूत असेल तर राउंडला डॉक्टरांना रोज एवढंच विचारा, ही नळी आज लागतेय का? चिडले तर चिडू देत.

कवळीचं राहिलं. आमच्या सासूबाईंची टाळू लाल व्हायची, केमिस्टकडून जेल आणायचं, आठ दिवस बरं, पुन्हा लाल, कारण थर कवळीवर आणि जेल टाळूला. शिवाय कवळी त्या टूथपेस्टने घासायच्या, त्याने चरे पडतात आणि चऱ्यात बुरशीला आयतीच जागा. आता साधा साबण, मऊ ब्रश आणि रात्री कवळी पाण्याच्या डब्यात. पण रोज रात्री वाद आहेच, म्हणतात कवळी काढली की तोंड बसतं, कुणी आलं तर कसं दिसेल. वय ८७. रात्री दोनला कोण येणार आहे हे मी अजून विचारलेलं नाही.

एक रिटायर्ड लॅब टेक्निशियन, परळ