यश नेमके कशाला म्हणायचे?

टेस्ट ट्यूब बेबी उपचारांच्या यशाविषयीचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. त्यात दिलेले प्रमाण गर्भधारणेचे आहे की जिवंत बाळ जन्मल्याचे, हे मात्र कुठेच स्पष्ट होत नाही. निदान झालेल्या गर्भधारणांपैकी साधारण १० ते २० टक्क्यांचा शेवट गर्भपातात होतो आणि चाळिशीनंतर हे प्रमाण बरेच वाढते, त्यामुळे हा फरक किरकोळ नव्हे. माझा गर्भपात झाला तेव्हा उपचार केंद्राने कारणांची चर्चा न करता उपचारांच्या पुढच्या सायकलचे (फेरीचे) दरपत्रकच हाती ठेवले. सुरुवातीच्या गर्भपातांपैकी निम्म्यांच्या आसपास गुणसूत्रांतील दोषांमुळे होतात आणि गर्भपातात बाहेर पडलेल्या ऊतींच्या तपासणीतून ते कळू शकते, हे मला अन्य डॉक्टरांकडून समजले, तेही वेळ टळून गेल्यावर. केंद्रांना वयोगटानुसार जिवंत जन्मांचेच प्रमाण जाहीर करणे बंधनकारक करावे.

– एक वाचक (नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती)