इन्व्हेंटरीच्या दप्तराला नावांची सूची द्या

मा. कायदामंत्री,
गोवा राज्य, पर्वरी

स. न. वि. वि.

मागणी एकच आहे आणि ती आधीच सांगून टाकतो, कारण मंत्र्यांना आलेली पत्रं शेवटपर्यंत वाचली जातात यावर माझा फारसा भरवसा नाही. गोव्यातल्या दिवाणी न्यायालयांत आजवर झालेल्या इन्व्हेंटरींची, म्हणजे मयताच्या मिळकतीची यादी करून ती वारसांत वाटून देण्याच्या न्यायालयीन कारवायांची, मयताच्या नावानुसार सूची तयार करा आणि ती कुणालाही पाहता येईल अशी ठेवा. आतले कागद उघडे करा असं मी म्हणत नाही. मयताचं नाव, गाव, वर्ष, न्यायालय आणि फायलीचा क्रमांक, एवढंच.

मी पोर्तुगीज अमदानीत सेगुंद ग्रावपर्यंत, म्हणजे प्राथमिक शाळेपुरतं, शिकलो. तेवढ्या शिदोरीवर डिचोलीच्या आसपासची माणसं आजही जुने कागद वाचून घ्यायला माझ्याकडे येतात. कागद हाती असेल तर काम सोपं असतं. पण बहुतेकांच्या हाती तो नसतोच. ‘आजोबांची इन्व्हेंटरी झाली होती म्हणतात’ एवढं एक वाक्य घेऊन माणूस येतो, आणि खरी रखडपट्टी तिथून सुरू होते.

मुंबईतले नातेवाईक विचारतात, मृत्युपत्राचं प्रोबेट कुठे आहे? त्यांना समजावावं लागतं की आपल्याकडची रीत वेगळी. 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता 1870 पासून इथे लागू झाली, आणि वारसाहक्काचा तिचा गाभा आता आपल्याच विधानसभेने केलेल्या 2012 च्या कायद्यात आला आहे, जो डिसेंबर 2016 पासून अमलात आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायको दोघंही मालमत्तेचे अर्धे-अर्धे धनी. मुलगा-मुलगी वारस म्हणून सारखे. मृत्युपत्राने आपल्या वाट्यातला अर्धाच भाग मर्जीप्रमाणे देता येतो, उरलेला मुलाबाळांचा. बाहेरचे लोक या कायद्याचं कौतुक करतात ते योग्यच आहे. पण त्याचा अर्थ असाही होतो की आजी वारली तेव्हा आजोबांइतकाच मोठा वारसा उघडला, आणि दोघांचेही कागद शोधायला हवेत.

आता शोधायचं कसं? वारसा उघडतो, म्हणजे त्याची कारवाई चालते, तो मयत राहत होता तिथे, जमीन असते तिथे नव्हे. पुष्कळ लोक इथेच चुकीच्या दारात उभे राहतात. भाट, म्हणजे बागायत, साखळीत, पण आजोबा नोकरीपायी पणजीत घर करून राहिले, तर फाईल पणजीला असू शकते. त्यात जुन्या कोमार्क, म्हणजे पोर्तुगीज काळातले न्यायालयीन जिल्हे, आणि आजचे तालुके जुळत नाहीत. फोंड्यातल्या कित्येक जमिनींचं वर्णन इल्हासच्या, म्हणजे तिसवाडीच्या, नोंदणीत सापडतं, आणि तिथला नवा मालक ते फोंड्यातच शोधत बसतो. मुक्तीपूर्वीचं काही दप्तर पणजीच्या पुराभिलेखात, काही न्यायालयांच्या कोठारात. ई-कोर्टच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने शोध घेता येतो, पण जे खटले संगणकावर चढले तेवढेच. एका न्यायालयाच्या खिडकीवर मला सांगण्यात आलं, ‘केस नंबर आणा, फाईल काढून देतो.’ नंबर फायलीवरच असतो, हे त्या सद्गृहस्थांना मी अदबीने सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

दार बरोबर सापडलं तरी नाव सापडेलच असं नाही. केशव शोधायचा तर क्यू अक्षराखाली बघा, शांताराम एक्सखाली, यशवंत ईखाली, कृष्णा सीखाली. कामत असेल कामोतिम म्हणून. कित्येक जुन्या वह्यांत क्रम पहिल्या नावाने लावलेला असतो, आडनावाने नाही. आणि एका गावात एका नावाचे किती केशव असायचे ते आपल्याला सांगायला नको. हे पोर्तुगीज लेखनाचे साधे नियम आहेत, तासाभरात शिकवता येतात. पण खिडकीवरच्या तरुण कारकुनाला ते कुणी शिकवलेले नसतात आणि तो ‘नाव नाही’ असं प्रामाणिकपणे सांगून मोकळा होतो. माणूस घरी जातो आणि इन्व्हेंटरी झालीच नव्हती असं समजून चालतो.

बायकांची गत त्याहून बिकट. आपल्या हिंदू घरांत लग्नात मुलीचं पहिलं नावसुद्धा बदलायची चाल होती. सिव्हिल रजिस्ट्रेशनच्या वहीत ती माहेरच्या नावाने, सासरी हाक वेगळी, शेजारीपाजारी तिसरंच काहीतरी. वडिलांच्या इन्व्हेंटरीत तिचा वाटा दाखवला होता का, की तिने हक्क सोडल्याचा कागद भावाने करून घेतला होता, हे तिच्या मुलींना आज कळायचं असेल तर आधी आईचं जन्मनाव माहीत हवं. अशा मुली माझ्याकडे येतात. भांडायला निघालेल्या असतात असंही नाही. काय झालं होतं ते एकदा कळावं, एवढंच त्यांचं मागणं असतं.

फाईल मिळालीच तर पहिल्या पानापासून वाचत बसू नका, असं मी येणाऱ्याला सांगतो. आधी शेवटाकडचा वाटणीचा तक्ता, म्हणजे मापा द पार्तिल्य, आणि त्यावरचा न्यायाधीशाचा निकाल पाहा. कुणाला काय मिळालं ते तिथे आहे. मग मागे येऊन कुटुंबप्रमुखाचं, ज्याला जुने लोक कबेस द कझाल म्हणत, त्याचं शपथेवरचं पहिलं निवेदन वाचा. मृत्यू कधी आणि कुठे झाला, लग्नात मालमत्तेची पद्धत कोणती ठरली होती, वारस कोण, मृत्युपत्र होतं की नाही, सगळं त्यात येतं. कुळाचा इतका शिस्तशीर लेखाजोखा दुसऱ्या कुठल्या सरकारी कागदात मी पाहिलेला नाही. मधल्या पानांत लिलाव असतो: वारस एकमेकांत बोली लावून एखादी मिळकत घेतात आणि वाट्यापेक्षा जास्त घेणारा इतरांना फरकाचे पैसे देतो. ‘काकाने आमचं भाट बळकावलं’ ही घरातली जुनी तक्रार कधी कधी या पानावर विरघळते, कारण काकाने ते बोली लावून, पैसे मोजून घेतलेलं निघतं. कधी उलटही निघतं.

वयात न आलेली मुलं मागे राहिली असतील तर जुन्या कायद्यात इन्व्हेंटरी सक्तीची होती. म्हणून ‘बाबा लहान असतानाच आजोबा गेले’ असं कुणी म्हणालं की मला उमेद वाटते. फाईल बहुधा आहेच, कुठे तरी.

मिळकतीचं वर्णन मात्र आजच्या माणसाला लगेच कळत नाही. तिथे सर्व्हे नंबर नसतो, कारण आजचे सर्व्हे नंबर 1968 च्या भूमहसूल संहितेनंतरचे. असतो तो जमीन नोंदणीचा वर्णन क्रमांक, मात्रीझचा, म्हणजे जुन्या करआकारणीच्या वहीचा, क्रमांक आणि चार सीमा. त्या सीमांवरच्या ओहोळ, वाट, शेजाऱ्याचं भाट अशा खुणांवरून एक-चौदाच्या, म्हणजे आजच्या जमीन हक्काच्या, उताऱ्याशी सांधा जुळवावा लागतो. एक-चौदा आज घरबसल्या संगणकावर दिसतो; ज्या वाटणीमुळे त्यावर ती नावं यायला हवी होती, ती वाटणी मात्र दिसत नाही.

सूची उघडी केली तर जमीन लाटणाऱ्यांचं फावेल, असं आपले अधिकारी म्हणतील. 2022 मध्ये जमीन घोटाळ्यांसाठी सरकारने विशेष तपास पथक नेमलं, न्या. व्ही. के. जाधव यांचा आयोग नेमला. पोर्तुगीज काळातले दस्तऐवज बनावट करून परदेशी गेलेल्या, वारस दूर असलेल्या मालकांच्या मिळकती हडपल्याचे आरोप त्यातून पुढे आले. हे सगळं सूची नसतानाच घडलं ना? ठकसेनाला आतलं माणूस मिळतं. लिस्बन, लंडन किंवा डोंबिवलीत बसलेल्या वारसाला मात्र आपल्या आजोबांच्या नावाची फाईल आहे एवढंही कळत नाही, मग तो हरकत कशी घेणार?

न्यायालयांचं दप्तर आपल्या हुकमाखाली नाही, उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणून आपण उच्च न्यायालयाला विनंती करावी आणि मनुष्यबळ-पैसा राज्याने द्यावा. नोंदणी आणि नोटरी सेवा मात्र आपल्याच खात्यात येतात. नोटरीपुढे झालेल्या वारस ठरवण्याच्या दस्तांची, आणि मयत झालेल्यांच्या मृत्युपत्रांची, अशीच सूची आपण उद्या सकाळी सुरू करू शकता. जिवंत माणसाचं मृत्युपत्र गुप्तच राहिलं पाहिजे, त्याला हात लावू नका.

सूचीत नाव दोनदा लिहा: वहीत आहे तसं, आणि देवनागरीत आज उच्चारतो तसं. बाई असेल तर माहेरचंही. सोबत दोन-चार पानांची माहिती कोकणीत आणि मराठीत द्या. 1987 च्या राजभाषा कायद्याने दोन्हींना वाव आहे, तो कागदावरच राहू नये.

सगळ्या गोव्याचं काम एकदम होणार नाही. एका न्यायालयापासून सुरुवात करा. डिचोलीपासून केलीत तर पोर्तुगीज वाचून द्यायला मी येईन, मानधन नको. माझ्यासारखे वाचणारे आणखी काही जण आहेत, पण सगळे पंच्याहत्तरीच्या अल्याडपल्याड. तेव्हा समिती नेमायची झाल्यास तिची मुदत फार लांबची ठेवू नये, ही विनंती.

आपला,
डिचोली तालुक्यातील एक ज्येष्ठ नागरिक